सोडायची मागणी

मागच्या खेपेला सरकार बनायला एक्काहत्तर दिवस लागले होते. तेवढ्या दिवसांत माझ्या चपलांचे दोन जोड झिजले, आमच्या अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तीनदा पुढे ढकललं गेलं आणि शपथविधीच्या वेळी मी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात खुर्चीवर बसल्या बसल्या झोपून गेले. या खेपेला सरकार एका दुपारीत बनलं. तरी त्या एक्काहत्तर दिवसांनी दमले नव्हते एवढी मी त्या एका दुपारीने दमले.

मी उज्ज्वला डिगे, सह्यकाठ पक्षाच्या दिल्ली कार्यालयाची सचिव. वय अठ्ठावन्न. अण्णा म्हणजे आमचे अध्यक्ष जयकुमार निंबाळे. आमचे खासदार चार, अण्णा धरून. एरवी चार खासदारांच्या पक्षाला दिल्लीत चहासुद्धा कोणी विचारत नाही. पण लोकसभा त्रिशंकू झाली, की आमच्या जुनाट कार्यालयाच्या दारात गाड्या लागतात आणि मोठमोठे पुढारी माझ्या तब्येतीची चौकशी करतात. अठरा वर्षांत असं चार वेळा झालं. चारही वेळा आमची मागण्यांची यादी मी लिहिली.

यादी लिहिणं ही एक कला आहे आणि ती कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. यादीत दोन-तीन मागण्या खऱ्या असतात. चार-पाच शोभेच्या असतात. आणि एक असते सोडायची. बोलणी शेवटच्या तासाला अडली, समोरचा घामाघूम झाला, आता तुटणार असं वाटायला लागलं, की आपण मोठा उसासा टाकायचा आणि म्हणायचं, ठीक आहे, देशाच्या स्थैर्यासाठी आम्ही ही मागणी सोडतो. समोरच्याची लाज राहते आणि आपल्याला हवं ते मंत्रिपद मिळतं. मात्र सोडायची मागणी खरी वाटली पाहिजे. तिच्यात गावाचं नाव हवं, माणसांची संख्या हवी, गट नंबर हवेत, ऐकणाऱ्याला कणव यायला हवी. नाहीतर ती सोडली काय आणि ठेवली काय, कोणाला काहीच वाटत नाही.

पहिल्या यादीच्या वेळी अण्णा म्हणाले, "बाई, एखादी चांगली सोडायची टाका." माझ्याकडे वेळ नव्हता. ज्या गावचे गट नंबर मला तोंडपाठ होते असं एकच गाव होतं, माझं. तांबेवेळ. शिरघळ धरणाच्या पाण्यापलीकडे राहिलेली एकशे बारा घरं. रस्ता पाण्याखाली गेला तेव्हापासून गाव एका लाँचवर जगतं. वारा सुटला की लाँच सुटत नाही. मी लिहिलं: शिरघळ जलाशयावर तांबेवेळ पूल. इतकं सुरेख लिहिलं, की समोरच्या पक्षाच्या वाटाघाटी करणाऱ्या गृहस्थांचे डोळे पाणावले. शेवटच्या तासाला आम्ही तो सोडला. पुढच्या वेळी अण्णाच म्हणाले, "तो पूल घाला परत. लागू पडतो." मग तो चारही वेळा घातला आणि चारही वेळा सोडला.

ती लाँच माझा धाकटा भाऊ शिवदास चालवतो. जिल्ह्याची नोकरी आहे त्याची. प्रत्येक वेळी मी त्याला फोनवर सांगत आले, "आम्ही फार प्रयत्न केला रे, शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं." त्यातलं शेवटपर्यंत हे अक्षरशः खरं होतं. एवढ्यावर मी स्वतःची समजूत घालत आले.

चार वर्षांपूर्वी जुलैमध्ये शिवदासच्या बायकोच्या, इंदूच्या, छातीत सकाळी कळ आली. वारा होता. दुपारी दोनपर्यंत वारा थांबला नाही. शिवदास लाँचमध्ये इंजिनापाशी बसून होता आणि इंदू त्याच्या मागच्या बाकावर आडवी होती. वारा थांबला तोवर सगळं संपलं होतं. मी तेराव्याला गेले तेव्हा तो मला म्हणाला, "आक्का, तू तरी काय करनार? तू किती धडपड केलीस आमच्यासाठी." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. अजून मला त्या हाताची शरम वाटते.

* * *

आता 'मध्यस्थ'बद्दल सांगायला हवं.

एक्काहत्तर दिवसांच्या त्या तमाशानंतर लोक इतके चिडले, की संसदेला कायदा करावा लागला. त्रिशंकू लोकसभा आली तर आघाडीची बोलणी माणसांनी करायची नाहीत, यंत्राने करायची. प्रत्येक पक्षाच्या खोलीत एक राखाडी डबा ठेवतात, आपल्या शिलाई मशीनएवढा. पक्षाने आपल्या मागण्या त्यात घालायच्या आणि शंभर गुण त्यांच्यात वाटायचे. जे जास्त हवं त्याला जास्त गुण. मग सगळ्या खोल्यांतले डबे आपसात हिशेब करतात.

पण आपल्या मनातलं दुसऱ्या पक्षाला कळलं तर? याच प्रश्नावर कायदा दोन वर्षं अडला होता. संसद सचिवालयाच्या अधिकारी बिजोया महांती यांनी मला ते समजावलं होतं, तेही माझ्या कार्यालयात माझाच चहा पीत. त्या ओडिशाच्या, आम्ही हिंदीत बोलतो.

"समजा, तीन जावांना आपल्या वयांची बेरीज हवी आहे, पण वय कोणालाच सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीने आपल्या वयाचे मनाला येतील तसे तीन तुकडे करायचे. पन्नासचे तुकडे दोनशे, उणे शंभर आणि उणे पन्नास असे झाले तरी चालतील. एक तुकडा आपल्याजवळ ठेवायचा, बाकीचे दोन दोघींना द्यायचे. मग प्रत्येकीने आपल्या हातातल्या तीन तुकड्यांची बेरीज मोठ्याने सांगायची. त्या तीन बेरजा मिळवल्या की तिघींच्या वयांची बेरीज मिळते. आणि कोणाचं वय किती, ते कोणालाच कळत नाही."

मी कागदावर करून पाहिलं. खरंच जमलं. डबे हेच करतात, फक्त लाखो तुकडे घेऊन. असे तुकडे जोडत जोडत ते असा एक करार शोधतात, की ज्यातून बाहेर पडून कुठल्याही पक्षाला दुसरीकडे जास्त चांगलं मिळणार नाही. जो सोडून जाण्यात कोणाचाच फायदा नाही, तो करार टिकतो.

"आणि कोणी खोटे गुण टाकले तर?" मी विचारलं होतं. धंद्याचा प्रश्न होता.

त्या हसल्या. "तुमच्या खोलीतला डबा आधी तुमच्याच जुन्या याद्या वाचतो. प्रत्येक मसुदा, प्रत्येक खोडलेली ओळ, किती वाजता खोडली तेसुद्धा. तुम्ही काय मागितलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुम्ही काय धरून ठेवलं ते तो बघतो."

त्या वेळी मला हे फार हुशारीचं वाटलं. आपल्या अंगावर येईल असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

* * *

निकालानंतर आठव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, संसदेच्या जोडइमारतीतल्या सतरा नंबरच्या खोलीत मी यादी डब्यात घातली. पक्षाच्या डिजिटल सहीची किल्ली माझ्याकडेच असते. अण्णा कोपऱ्यातल्या सोफ्यावर पाय लांब करून बसले होते. यादीत सात मागण्या होत्या. पहिली अण्णांसाठी जलसंपदा मंत्रिपद. सहावी अण्णांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती: उज्ज्वला डिगे यांना हातमाग सल्लागार मंडळाचं अध्यक्षपद, पाच वर्षं, सोबत दिल्लीत घर. मी दोन वर्षांनी निवृत्त होणार, पक्षाची खोली सुटणार, लग्न मी केलं नाही. अण्णांनी तेवढं लक्षात ठेवलं होतं. सहावीला त्यांनी बारा गुण दिले होते. सातवी अर्थातच पूल. हात सवयीनेच तिथे गेला होता. सोडायला समोर कोणी माणूस बसणार नाही, मग सोडायची मागणी कशाला, हे माझ्यासारख्या मुरलेल्या बाईला सुचू नये?

पाच मिनिटांनी पडद्यावर यादी परत आली. सहा ओळींना हिरवी खूण होती. सातवीखाली लिहिलं होतं:

"तांबेवेळ पूल. हेतू: बोलण्यांत सोडण्यासाठी. खरे वजन: शून्य. आधार: मागील चार याद्या."

मी चष्मा पुसून परत वाचलं. अठरा वर्षांत हे वाक्य मी मनातसुद्धा पूर्ण म्हटलं नव्हतं. त्या डब्याने ते स्वच्छ मराठीत लिहून दाखवलं.

मी महांतीबाईंना बोलावून घेतलं. "हे चुकलंय," मी म्हणाले.

त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "चुकलंय का, बहनजी?"

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सरकार बनलं की एकतिसाव्या दिवशी हे पत्रक लोकांपुढे येईल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सगळ्याच पक्षांचं. मतदाराला आपल्या पक्षाला खरोखर काय हवं होतं ते कळावं, म्हणून कायद्यात तसं कलम आहे."

शिवदास वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. दोन फेऱ्यांच्या मधे त्याला दुसरं काम नसतं.

"खोडता येईल?"

"शून्य खोडता येणार नाही. पण मागणी खरी करता येईल. तुमच्याच दुसऱ्या कुठल्या मागणीचे गुण काढून इथे द्या. नुसतं हवंय म्हणून डबा मानत नाही. त्यासाठी काहीतरी सोडलंत, तर मानतो. साडेअकराला डबे बंद होतील."

* * *

मी अण्णांपुढे जाऊन उभी राहिले.

"अण्णा, पुलाला शून्य आलंय."

"येनारच की," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "आपन त्यो कवा मागितला हुता?"

"आपण चार वेळा मागितला."

"बाई, त्या पुलानं चार येळा आपल्याला सरकारात नेलं. न बांधता नेलं. असला पूल दुसरा कुठं हाय सांगा बरं?" ते स्वतःच्या बोलण्यावर हसले. मग त्यांनी डोळे उघडले, माझा चेहरा पाहिला आणि हसणं थांबवलं. "तुमचं गाव न्हवं का ते?"

अठरा वर्षांनी विचारलं. पण मी तरी अठरा वर्षांत कुठे सांगितलं होतं!

"माझी भावजय तिथेच गेली, अण्णा. लाँचमध्ये. वारा थांबायची वाट बघत."

अण्णा बराच वेळ गुडघा चोळत राहिले. ते वाईट नाहीत. त्यांच्याइतकं राजकारण करूनही जे वाईट झाले नाहीत असे दोन-चार लोक मी पाहिले, त्यांतले ते एक.

"मंत्रिपदाला हात लावू नगा," शेवटी ते म्हणाले. "त्या तिघा खासदारांना मी काय त्वांड दाखवू? मधल्या चार मागन्या त्यांच्याच मतदारसंघाच्या हायेत. सहावी तुमची हाय. तिचं काय करायचं ते तुमीच ठरवा. मी एक शब्द बोलनार न्हाई."

मी परत डब्यापाशी येऊन बसले. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. खोटं कशाला बोलू, मी लगेच काही केलं नाही. मला ते घर हवं होतं. सत्तावीस वर्षं दिल्लीत काढली, इथली थंडी, इथली धूळ आणि इथली माणसं अंगवळणी पडली. गावी माझ्या नावाची खोलीसुद्धा नाही. बारा गुणांचं ते घर मी मनात सजवून ठेवलं होतं, बाल्कनीत तुळस कुठे ठेवायची इथपर्यंत. आणि बारा गुणांनी पूल होणार थोडाच! चार वेळा जो झाला नाही तो? इतका मोठा, इतका अवघड, इतक्या उसाशांनी सोडलेला पूल! बारा गुण टाकून घर जायचं आणि पूलही व्हायचा नाही, हेच बहुधा होईल, असं मला वाटत होतं.

अकरा पंचवीसला मी बारा गुण उचलून सातवीवर ठेवले आणि किल्ली लावली. पुण्य म्हणून नाही. त्या शून्याकडे बघवत नव्हतं म्हणून.

डबे बंद झाले. बाहेर बातमीदारांची गर्दी होती, आत आम्ही पंख्याखाली बसून होतो. दोन वाजायच्या सुमाराला डब्याचा दिवा हिरवा झाला. सात पक्ष, दोनशे ब्याऐंशी खासदार, पंतप्रधान कोण, कुठलं खातं कोणाकडे, सगळं ठरलं होतं. कोणी कोणावर ओरडलं नाही, कोणी रुसून हॉटेलात जाऊन बसलं नाही. अण्णांना जलसंपदा मिळालं.

महांतीबाई आमचं पत्रक घेऊन आल्या. "अभिनंदन. तुमचा पूल मंजूर. पहिल्याच फेरीत."

"पहिल्याच?" मी विचारलं. "कोणी आडवं आलं नाही?"

"कोणाची काही हरकतच नव्हती. का असेल? लहानसा पूल आहे." मग त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "खरं म्हणजे तुम्ही जास्त दिलेत. पाच गुणांत झाला असता. पण उरलेले परत मिळत नाहीत."

पाच गुण. शंभरातले पाच. चारपैकी कुठल्याही एका वेळी कोणीतरी तो खरोखर मागायला हवा होता, बस. त्याला कधी कोणाचा विरोधच नव्हता. मी खुर्ची धरून खाली बसले. अण्णांना वाटलं आनंदाने बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "झालं की न्हाई तुमच्या मनासारखं?"

* * *

पत्रक यायची वाट बघायची नाही, असं मी ठरवलं. शपथविधीला थांबले नाही. विमानाने पुण्याला, तिथून एसटीने धरणापर्यंत. दुपारी एकच्या फेरीला शिरघळच्या धक्क्यावर पोहोचले. पाणी खूप खाली गेलं होतं, लाँचपर्यंत जायला तीस-चाळीस पायऱ्या उतराव्या लागल्या.

शिवदासने लाँचच्या टोकाला झेंडूची माळ बांधली होती. मला बघून तो पायऱ्या चढून वर आला आणि माझी बॅग घेतली. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण तोंडभर हसत होता.

"आक्का, टीव्हीवर दावलं! आख्खं गाव धक्क्यावर येऊन बसलंय तुझ्यासाठी. आता एकच फेरी, तू येकटीच. बाकीच्यांना म्हनलं, मागनं या."

लाँच निघाली. काठ लांब गेला तशी मी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले.

"शिवा, इंजिन बंद कर जरा. मला काही सांगायचंय."

"बंद केलं तर वारा ढकलंल तिकडं. तशीच बोल."

अशी गोष्ट हळू आवाजात, हात हातात घेऊन सांगायची असते. मला ती इंजिनावर ओरडून सांगावी लागली. सोडायची मागणी म्हणजे काय, ते ओरडून सांगितलं. मी आपलंच गाव का घातलं, तेही सांगितलं. शून्य सांगितलं. पाच गुण सांगितले. माझ्या घराचं मात्र सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर मी माफी विकत घेतेय असं झालं असतं.

त्याने सुकाणू सोडलं नाही. समोर बघतच विचारलं, "मागल्या टायमाची यादी? इंदूच्या आदल्या सालची? ती बी तूच लिवलीस?"

"हो. त्याच्या आधीच्याही. पहिल्या दोन वेळी मागितला असता, तर ती गेली तेव्हा पूल उभा असता."

त्याने सुकाणू थोडं वळवून लाँच सरळ केली.

"त्या यादीच्या शेवटच्या दिवशी म्या तुला फोन केला हुता," तो म्हणाला. "दुपारी चारला. तू म्हनलीस, शिवा, अजून आशा हाय. सोडला कवा?"

खोडलेली प्रत्येक ओळ किती वाजता खोडली ते मला आता पाठ झालं होतं. "चार वाजून वीस मिनिटांनी."

"आन् चारला तुला ठावं हुतं?"

"सकाळपासून ठाऊक होतं."

त्याने मान हलवली, एखादा हिशेब जुळल्यासारखी. मग इंजिनाचा वेग वाढवला. झेंडूच्या माळेवर पाणी उडत होतं. मला वाटलं तो रडेल, किंवा मला शिव्या देईल. दोन्हींपैकी एक जरी केलं असतं तर मला सुटल्यासारखं झालं असतं.

तांबेवेळचा धक्का जवळ आला. सगळं गाव खरंच जमलं होतं. पुढे बायका होत्या, एकीच्या हातात ओवाळणीचं ताट, दुसरीच्या हातात साखरेची वाटी. कोणीतरी माझ्या नावाने ओरडलं आणि टाळ्या सुरू झाल्या. शिवदासने दोर टाकला, लाँच बांधली, फळी टाकली. माझी बॅग उचलून धक्क्यावर ठेवली. ताट घेतलेली बाई पुढे आली, तसा त्याने तिच्यापुढे हात आडवा धरला.

"थांब वहिनी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पूल हुतोय, ते खरं हाय. पर आक्काला त्याच्याआधी कायतरी सांगायचंय. आधी तिचं ऐकून घ्या. मग ज्याला साखर वाटायची त्यानं वाटावी."

आणि तो परत लाँचमध्ये जाऊन इंजिनापाशी, इंदू आडवी होती त्या बाकाकडे पाठ करून बसला.

टाळ्या थांबल्या. इथे इंजिनाचा आवाज नव्हता, ओरडायची गरज नव्हती. मी पदर सारखा केला, सगळ्यांच्या समोरच्या पायरीवर उभी राहिले आणि पहिल्या यादीपासून सांगायला सुरुवात केली.